दूरदेशीचा डॉक्टर : द्वारकानाथ कोटणीस

जो देश स्वतःच पारतंत्र्यात आहे, त्याने दुसऱ्या देशाच्या मदतीला धावून जावे, ही गोष्ट इतिहासात क्वचितच घडते. १९३८ साली भारताने ती केली. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली होती. शहरांमागून शहरे पडत होती, जखमींची संख्या अफाट होती आणि त्यांच्यावर उपचार करणारे प्रशिक्षित डॉक्टर मात्र अगदी थोडे होते. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची मागणी केली. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. निधी गोळा झाला, औषधे जमली, एक रुग्णवाहिका घेण्यात आली आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडले गेले.

या पथकाचे प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल. स्पेनमधील यादवी युद्धात त्यांनी जखमींची सेवा केली होती. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सर्वांत ज्येष्ठ होते. कलकत्त्याहून डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. बिजयकुमार बसू आले. बसूंच्या आधी ज्यांची निवड झाली होती, त्यांना ब्रिटिश सरकारने पारपत्रच दिले नाही. पाचवे होते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. घरात भावंडांचा मोठा गोतावळा. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. तेथील सर्व अध्यापक भारतीयच असावेत, या आग्रहातून ते महाविद्यालय स्थापन झालेले होते. पदवी मिळवून ते पदव्युत्तर अभ्यासाच्या तयारीत होते. आणखी काही वर्षांत शहरात दवाखाना थाटून कुटुंबाचा भार हलका करावा, हाच अशा तरुणासमोरचा सरळ मार्ग होता. चीनचा भूगोल, भाषा, चालीरीती यांची त्यांना फारशी माहिती असण्याचे कारण नव्हते. तरीही त्यांनी आपले नाव दिले आणि घरच्यांची संमती मिळवली.

१ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले. त्याच महिन्यात ते कॅन्टनला पोहोचले. तेथे सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. परंतु स्वागताचे दिवस थोडेच होते. ऑक्टोबर संपण्यापूर्वीच कॅन्टन आणि हांकाऊ ही दोन्ही शहरे जपानच्या ताब्यात गेली. हांकाऊ, यीचांग अशा शहरांतील इस्पितळांत काम करीत आणि शत्रूच्या पुढे पुढे सरकत पथक अखेर चुंगकिंगला आले. तेथे या डॉक्टरांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी चीन या अर्थाचा ‘हुआ’ हा शब्द जोडण्यात आला. कोटणीस झाले के तिहुआ. पुढे चीनमध्ये सारे त्यांना याच नावाने ओळखू लागले.

चुंगकिंगमध्येच वडिलांच्या मृत्यूची बातमी त्यांना कळली. कर्त्या मुलाने अशा वेळी घरी परतावे, असे आपल्याकडील रीत सांगते आणि परत गेले असते तर त्यांना कोणी दोषही दिला नसता. कोटणीस परतले नाहीत. ज्या कामासाठी आलो ते अजून सुरूसुद्धा झालेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हा निर्णय सोपा होता असे समजणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. सोलापुरात आई होती आणि युद्धामुळे पत्रेही वेळेवर पोहोचत नव्हती.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला दाखल झाले. माओ त्से तुंग आणि चू ते यांच्या नेतृत्वाखालील सैन्याचे ते मुख्य ठाणे होते. तेथे डोंगरातील पिवळ्या मातीत खोदलेल्या गुहांमध्येच लोक राहत, शिकत आणि उपचारही घेत. काही महिन्यांनी चोळकर आणि मुखर्जी मायदेशी परतले. प्रकृती ढासळल्यामुळे पुढे अटल यांनाही परतावे लागले. बसू आणि कोटणीस मात्र उत्तरेकडील आघाडीवर गेले. जपानी सैन्याच्या मागच्या बाजूला, वुताई पर्वताच्या परिसरात, शेतकऱ्यांच्या पाठिंब्यावर लढणारा एक मोठा प्रदेश होता. तेथे जाण्यासाठी शत्रूची नाकेबंदी ओलांडावी लागे.

याच प्रदेशात कॅनडाचे नामवंत शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांनी काम केले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा मृत्यू झाला होता. जखमीने डॉक्टरकडे येण्याची वाट न पाहता डॉक्टरनेच जखमीकडे जावे, ही बेथ्यून यांची पद्धत होती. १९४० मध्ये कोटणीस तेथे पोहोचले. त्याच वर्षीच्या मोठ्या लढायांत त्यांनी शेकडो जखमींवर उपचार केले. आघाडीजवळ शस्त्रक्रिया करताना दिवस आणि रात्र यांचा हिशेब राहत नसे.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे संचालक म्हणून कोटणीसांची नेमणूक झाली. ‘इस्पितळ’ या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर मोठी इमारत उभी राहते. तसे काही तेथे नव्हते. खेड्यातील शेतकऱ्यांची घरे हेच त्याचे कक्ष होते आणि शत्रूची चाहूल लागताच रुग्णांसह सारे इस्पितळ डोंगरात हलवावे लागे. जपानी सैन्याने गावे जाळण्याचे सत्र आरंभले होते. औषधे, कापूस, उपकरणे यांची सदैव टंचाई असे. एकदा वापरलेल्या पट्ट्या धुऊन पुन्हा वापराव्या लागत. जेवणात बहुधा राळ्याची पेज आणि थोडी भाजी असे.

माझ्या मते कोटणीसांचे सर्वांत मोठे काम शस्त्रक्रियांच्या संख्येत मोजता येणार नाही. एवढ्या अफाट युद्धात पाच डॉक्टर म्हणजे समुद्रातले थेंब होते. परदेशातून आलेला डॉक्टर आज ना उद्या निघून जातो. तो गेल्यावर काय, हा खरा प्रश्न असतो. कोटणीसांनी त्याचे उत्तर शिकवण्यात शोधले. इस्पितळाला जोडून वैद्यकीय शाळा होती. तेथे येणारे विद्यार्थी बहुतेक खेड्यांतले, थोड्या शिक्षणाचे तरुण होते. त्यांना दुभाष्यामार्फत शिकवणे कोटणीसांना पुरेसे वाटेना. त्यांनी चिनी भाषा चिकाटीने आत्मसात केली. ते तीत बोलू, वाचू लागले आणि व्याख्यानेही देऊ लागले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शस्त्रक्रियेची पाठ्यपुस्तके लिहायला घेतली. मदत करायला आलेला माणूस आधी त्या लोकांचा विद्यार्थी झाला, म्हणून तो त्यांचा शिक्षक होऊ शकला.

याच शाळेत कुओ छिंगलान या परिचर्याशास्त्राच्या शिक्षिका होत्या. १९४१ च्या अखेरीस त्या दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्या प्रदेशाचे सेनापती न्ये रोंगचन यांनी त्याचे नाव यिन्हुआ ठेवले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन.

कोटणीसांची प्रकृती मात्र खालावत चालली होती. अपुरे अन्न आणि अतिश्रम यांच्या जोडीला अपस्माराचे झटके येऊ लागले होते. आघाडी सोडून अन्यत्र उपचार घ्यावेत, असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी नकार दिला. डिसेंबर १९४२ मध्ये पाठ्यपुस्तकाचे लेखन चालू असतानाच त्यांना तीव्र झटका आला आणि ९ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा ३२ वर्षांचे होते. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता.

भारतात त्यांची कहाणी पसरली ती ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकामुळे आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये काढलेल्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या चित्रपटामुळे. शांतारामांनी स्वतः त्यात कोटणीसांची भूमिका केली होती. चित्रपटात नाट्यासाठी पुष्कळ रंग भरलेले आहेत. खऱ्या आयुष्याला त्यांची गरज नव्हती. यिन्हुआ पुढे वैद्यकशास्त्र शिकू लागला, पण १९६७ मध्ये, शिक्षण पुरे होण्याआधीच तो वारला. कुओ छिंगलान यांना २०१२ पर्यंत दीर्घ आयुष्य लाभले. त्या अनेकदा भारतात आल्या आणि सासरच्या माणसांशी त्यांनी अखेरपर्यंत नाते टिकवले. सोलापुरातील कोटणीसांच्या जुन्या घराचे आता स्मारक झाले आहे.

उत्तर चीनमधील शिचियाच्वांग शहरात हुतात्म्यांचे एक विस्तीर्ण स्मशान-उद्यान आहे. बेथ्यून आणि कोटणीस यांच्या समाध्या तेथे आहेत. वसंत ऋतूत पितरांच्या समाध्या झाडून स्वच्छ करण्याचा सण चीनमध्ये असतो. त्या दिवसांत तेथील लोक या दोन परदेशी डॉक्टरांच्या समाध्यांवरही फुले वाहतात.