तुटलेला चेतातंतू पुन्हा वाढतो का? चित्रकार व्हायला निघालेल्या काहाल यांची गोष्ट

चार्जिंग केबल तुटली की आपण सरळ नवीन घेतो, कारण ती स्वतःहून वाढून परत जोडली जाणार नाही हे माहीत असतं. पण बोट खोल कापलं, तिथली संवेदना गेली आणि काही महिन्यांनी हळूहळू परत आली, असं मात्र होऊ शकतं. मग आतली वायर जोडली कोणी? हे कोडं सोडवण्यात सगळ्यात मोठा वाटा होता सांतियागो रामोन इ काहाल यांचा.

सांतियागोचा जन्म १ मे १८५२ चा, स्पेनमधला. वडील शल्यचिकित्सक. त्यांना मुलगा डॉक्टर हवा होता, मुलाला व्हायचं होतं चित्रकार. अभ्यासात लक्ष नाही म्हणून वडिलांनी त्याला आधी न्हाव्याच्या दुकानात आणि मग बूट बनवणाऱ्याकडे कामाला ठेवलं. घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्यांचं फाटक उडवलं म्हणून तो काही दिवस तुरुंगातही राहून आला! शेवटी वडिलांनी त्याला कब्रस्तानातली हाडं दाखवून त्यांची चित्रं काढायला लावली. चित्रं काढता काढता पोरगा शरीररचना शिकला.

१८७३ मध्ये डॉक्टर झाल्यावर काहाल लष्करातर्फे क्युबाला गेले आणि मलेरिया घेऊन परतले. साठवलेल्या पगारातून त्यांनी मायक्रोस्कोप घेतला. १८८७ मध्ये त्यांना इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांची चांदीच्या क्षाराची पद्धत बघायला मिळाली. या पद्धतीत मोजक्याच चेतापेशी काळ्या होतात, पण त्या पूर्ण दिसतात. गोल्जींना मेंदू म्हणजे एकसंध जाळं वाटायचं. काहाल यांना मात्र प्रत्येक पेशी वेगळी दिसली. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं, तरी गोल्जींनी आपल्या भाषणात काहाल यांच्या मताला विरोधच केला.

आता मूळ प्रश्न. चेतातंतू म्हणजे पेशीतून निघालेली लांब तार. ती कापली की पेशीपासून सुटलेला तुकडा झिजून नष्ट होतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेवर दाखवलं होतं. पण नवीन तंतू येतो कुठून? काही शास्त्रज्ञांच्या मते सुटलेला तुकडाच तो तयार करतो. तसं असेल, तर प्रत्येक पेशी वेगळी ही काहाल यांची सगळी मांडणीच कोसळणार होती.

अडचण अशी की मायक्रोस्कोपखाली दिसतो तो मेलेला ऊतक, म्हणजे फक्त एक स्क्रीनशॉट. व्हिडिओ नाही. मग काहाल यांनी प्राण्यांच्या चेता कापून काही तासांनी, काही दिवसांनी, काही आठवड्यांनी नमुने घेतले. फोटो धुण्याच्या तंत्रावरून त्यांनी स्वतःच तयार केलेल्या पद्धतीने ते रंगवले आणि एकेक टप्पा चित्रात उतरवला. सगळे स्क्रीनशॉट ओळीने लावल्यावर उत्तर मिळालं. पेशीकडच्या टोकातून नवे कोंब फुटतात, जखम ओलांडतात आणि जुन्या मार्गात शिरतात. माणसात हा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर असतो, म्हणून महिनोन्‌महिने वाट बघावी लागते.

मेंदू आणि मज्जारज्जूत मात्र कोंब फुटून थोड्याच अंतरावर थांबतात, असं त्यांना दिसलं. १९१३-१४ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी हे स्पष्ट मांडलं, पण भविष्यातलं विज्ञान हे बदलू शकेल, अशी जागाही ठेवली. त्यांचे शिष्य तेयो यांनी तर सशाच्या मेंदूत बाहेरच्या चेतेचा तुकडा बसवल्यावर तंतू त्यात वाढताना पाहिले होते. दोष फक्त तंतूचा नव्हता, आजूबाजूच्या जागेचाही होता.

१९१५ मध्ये काहाल यांनी दोमिंगो सांचेझ यांच्यासोबत कीटकांच्या डोळ्यामागचं चेताजाळं रेखाटलं. एवढ्याशा माशीतली गुंतागुंत बघून ते थक्क झाले. १७ ऑक्टोबर १९३४ ला माद्रिदमध्ये त्यांचं निधन झालं.

पुढे २०१२ मध्ये एका माशीनेच मोठा धागा दिला. फळमाशीतलं सार्म नावाचं जनुक बंद केल्यावर तुटलेला तंतू काही दिवसांत झिजण्याऐवजी कित्येक आठवडे टिकला. म्हणजे झिजणं हे नुसतं कुजणं नाही, तो पेशीत आधीपासून असलेला एक प्रोग्राम आहे. आणि प्रोग्राम असेल तर तो थांबवताही येऊ शकतो. मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी आज जे संशोधन चालू आहे, त्याच्या मुळाशी हाताने काढलेली ती चित्रं आहेत.