तीन मिनिटांच्या गाण्यामागचे घर

गोव्यातील मंगेशीच्या देवळात अभिषेक करण्याचा मान ज्या घराण्याकडे होता, त्याला अभिषेकी हेच नाव पडले. त्या घरात २१ सप्टेंबर १९२९ रोजी पं. जितेंद्र अभिषेकी जन्मले. वडील कीर्तनकार, पहिले स्वर कानावर पडले ते त्यांचेच. पुढे त्यांनी मुंबई गाठली, संस्कृत घेऊन पदवी मिळवली, आकाशवाणीत नोकरी केली आणि अझमत हुसेन खाँ, जगन्नाथबुवा पुरोहित यांच्यासारख्या गुरूंपाशी कसून तालीम घेतली.

बोलपटांच्या आगमनानंतर संगीत रंगभूमीला ओहोटी लागली होती. १९६४ साली कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आले आणि नाट्यपदाने कात टाकली. अभिषेकीबुवांची पदे मोजकी, आटोपशीर आणि प्रसंगाला धरून होती. गायकासाठी नाटक थांबेनासे झाले. १९६६ च्या ‘लेकुरे उदंड जाली’मध्ये त्यांनी बोलण्याच्या अंगाने जाणाऱ्या खेळकर चाली दिल्या. लगेच पुढच्या वर्षी, दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’साठी, दोन घराण्यांच्या दोन निराळ्या गायकी उभ्या केल्या. एकाच माणसाचे हे काम, हे सांगूनही खरे वाटू नये!

या पदांच्या तबकड्या निघाल्या आणि ज्यांना रागाचे नावही ठाऊक नाही, तेही ती गुणगुणू लागले. आज त्या जुन्या गाण्यांचे संच निघतात. आपण ते हौसेने ऐकतो आणि तीन-चार मिनिटांत एक गाणे संपते. पण त्या तीन मिनिटांमागे किती वर्षे उभी आहेत, हे कोणत्याही संचाच्या वेष्टनावर छापलेले नसते.

ते पाहायचे तर आपल्या लोणावळ्याकडेच वळावे लागते. इथल्या आपल्या घरी बुवांनी गुरुकुलाच्या रीतीने विद्या दिली. शिष्याने गुरूच्या सहवासात राहावे, ऐकावे, चुकावे, पुन्हा गावे, अशी ती रीत. अजित कडकडे, राजा काळे, देवकी पंडित, पुत्र शौनक अशी कितीतरी नावे त्यांच्या शिष्यपरिवारात आहेत.

१९८८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ७ नोव्हेंबर १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

तबकडीवर गाणे उरते. शिकवणे मात्र तबकडीवर उतरत नाही. ते उतरते फक्त दुसऱ्याच्या गळ्यात. परीक्षेपुरते वाचून मोकळे होणाऱ्या आपल्या पिढीने लोणावळ्याच्या त्या घराकडून एवढे जरी घेतले, तरी पुष्कळ झाले.