हकीम राझी : गोवर ओळखायला शिकवणारा तबीब

लेकराला ताप भरतो, नाक गळतं, डोळे लाल होतात, आवाज घोगरा पडतो. तीन-चार दिवसांनी कानामागून, कपाळावरून लाल पुरळ उतरायला लागतो. घरातली दादी म्हणते गोवर आहे, शेजारीण म्हणते उष्णता आहे, अब्बा म्हणतात दोन दिवस बघू. तेवढ्यात शेजारच्या घरातली दोन मुलंही तापाने पडलेली असतात. २०२२ साली मुंबईत गोवंडीला, भिवंडीत आणि मालेगावात गोवराची साथ आली, काही निष्पाप लेकरं दगावली. तेव्हा आपल्या कितीतरी घरांनी हे सगळं पाहिलं. गोवर वेळीच ओळखायचा कसा, हा प्रश्न मात्र फार जुना आहे. अकराशे वर्षांपूर्वी त्यावर स्वतंत्र किताब लिहिणाऱ्या एका तबीबाची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

त्यांचं पूर्ण नाव अबू बकर मुहम्मद बिन झकरिया अल-राझी. हिजरी २५१, म्हणजे इसवी सन ८६५ मध्ये रै या शहरात त्यांचा जन्म झाला. रै आजच्या तेहरानला लागूनच आहे. रैचे म्हणून ते राझी. युरोपने पुढे त्यांना रेझिस म्हटलं. तरुणपणी ते ऊद हे तंतुवाद्य वाजवायचे आणि किमयेच्या प्रयोगांत रमायचे. वैद्यकाकडे ते बरेच उशिरा वळले. पण वळले ते असे की आधी रैच्या आणि नंतर बगदादच्या बिमारिस्तानचे, म्हणजे रुग्णालयाचे, ते प्रमुख झाले.

त्यांच्याबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो. बगदादमध्ये नवं रुग्णालय कुठं बांधावं असं त्यांना विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी शहराच्या वेगवेगळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगायला सांगितले. जिथं मांस सर्वांत उशिरा सडलं, ती जागा त्यांनी निवडली. इतिहासकारांना या किस्स्याबद्दल शंका आहे. पण लोकांनी तो राझींच्याच नावावर का टाकला, हे कळायला अवघड नाही. आधी पाहायचं आणि मग बोलायचं, हा त्यांचा स्वभावच होता.

त्यांच्या दरबारात बसायची पद्धतही तशीच होती. राझी मध्यभागी बसत. जवळ त्यांचे शागिर्द, त्यांच्यामागे शागिर्दांचे शागिर्द. आलेला रुग्ण आपली तक्रार सर्वांत बाहेरच्या रांगेला सांगायचा. त्यांना उलगडा झाला नाही तर आतल्या रांगेला, आणि तिथंही अडलं तरच ती राझींपर्यंत जायची. गरीब रुग्णांशी ते फार दयाळूपणे वागत, काहींना तर खर्चालाही देत. ज्यांना तबीब परवडत नाही किंवा मिळतच नाही, अशा लोकांसाठी त्यांनी वेगळी किताब लिहिली. लेकरांच्या आजारांवरचं एक छोटं पुस्तकही त्यांच्या नावावर आहे. आणि लिहिणं तर कधी थांबायचंच नाही. कुणाला काय झालं, कितव्या दिवशी ताप वाढला, काय दिलं, काय घडलं, हे सगळं कागदावर उतरायचं.

या सवयीतूनच त्यांची सर्वांत गाजलेली छोटी किताब तयार झाली. अरबीत तिचं नाव किताब फिल-जुदरी वल-हस्बा. जुदरी म्हणजे देवी, आपल्या घरांत जिला चेचक म्हणतात ती. हस्बा म्हणजे गोवर. त्या काळात या दोन्ही आजारांची गल्लत व्हायची, कारण दोन्हींत ताप आणि दोन्हींत अंगावर पुरळ. राझींनी दोघांतला फरक ज्या स्पष्टपणे मांडला, तसा मांडणारा त्याआधीचा ग्रंथ आज आपल्या हातात नाही.

त्यांनी लिहिलं की देवीत पाठदुखी जास्त असते, तर गोवरात बेचैनी आणि मळमळ जास्त असते. पुरळ येण्याआधी ताप, नाकाला खाज, झोपेत दचकणं, घसा दुखणं, आवाज बसणं ही लक्षणं पाहायला सांगितली. गर्द, जांभळट गोवर वाईट, हा इशाराही दिला. डोळे आणि घसा जपायला त्यांनी विशेष सांगितलं, गुळण्यांसाठी आंबट डाळिंबाचा रस सुचवला. फोडांमुळे लेकराचा श्वास कोंडू नये, ही त्यांची काळजी होती.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आजार का होतो, हे राझींना कळलं नव्हतं. लहानपणीचं रक्त द्राक्षाच्या रसासारखं उकळून आंबतं आणि त्यातून देवी येते, असं त्यांना वाटायचं. एका लेकराकडून दुसऱ्याकडे आजार जातो, हे त्यांनी ओळखलं नाही. विषाणू दिसायला अजून हजार वर्षं जायची होती. पण त्यांनीच आपल्याला एक रस्ता दाखवून ठेवला आहे. ज्या जालीनूसला, म्हणजे ग्रीक वैद्य गॅलनला, ते उस्ताद मानत, त्याच्या चुका दाखवणारी किताबही त्यांनी लिहिली. उस्तादाचा आदर वेगळा आणि डोळ्यांना दिसलेलं सत्य वेगळं. त्यांच्या तत्त्वज्ञानातल्या काही मतांवर उलेमांनी कडक टीका केली, तो विषय निराळा. तबीब म्हणून त्यांची थोरवी मात्र सर्वांनी मानली.

म्हणूनच राझींचा अभिमान बाळगताना आम्हाला थोडी लाजही वाटते. ज्यांनी गोवराची लक्षणं दिवसागणिक टिपून ठेवली, त्यांचं नाव आपण जलशांत घेतो आणि घरात मुलाचं लसीचं कार्ड कोरं ठेवतो. पुरळ आला की लोक काय म्हणतील म्हणून लपवतो. आशाताई दारात आली की मूल झोपलंय म्हणून परत पाठवतो. गोवराचा रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत ते मूल इतरांना आजार देतं. म्हणजे आपण दोन दिवस बघू म्हणतो, तेवढ्यात गल्लीतली निम्मी पोरं धोक्यात आलेली असतात.

तापाचा पहिला दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. लेकराच्या गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात का ते पाहा. पुरळ दिसताच आरोग्य केंद्राला कळवा, मुलाला मदरसा, अंगणवाडी, लग्नघर कुठंही नेऊ नका. श्वास जलद चालला, पाणी पीत नसेल, मूल गुंगीत असेल किंवा झटके आले, तर थेट दवाखाना गाठा. डॉक्टर सांगतील तसा जीवनसत्त्व ‘अ’चा डोसही द्या. आणि लस. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, सरकारी केंद्रात मोफत. राझींनी ज्या दोन आजारांना वेगळं केलं, त्यातली देवी लसीमुळेच १९८० पर्यंत जगातून संपली. गोवर अजून आहे, कारण लस न घेतलेली मुलं अजून आहेत.

आयुष्याच्या शेवटी राझींची नजर गेली. हिजरी ३१३ मध्ये, म्हणजे ९२५ साली, रै इथंच त्यांचं निधन झालं. मागे राहिले टिपणांचे ढीग. ते त्यांच्या बहिणीने जपून ठेवले होते असं सांगतात. एका वजिराने ते तिच्याकडून मिळवले, शागिर्दांकडून लावून घेतले आणि त्यातून अल-हावी हा प्रचंड ग्रंथ उभा राहिला. १२७९ मध्ये त्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि युरोपचे वैद्य कित्येक पिढ्या तो वाचत राहिले. देवी-गोवराची किताब १८४८ मध्ये इंग्रजीतही आली.

त्या बहिणीने कागद जपले नसते, तर हे ज्ञान मातीत गेलं असतं. आपल्या घरातही एक कागद असतो, लेकराचं लसीकरण कार्ड. आज रात्री कपाटातून ते काढा आणि एखादा डोस राहिलाय का पाहा. राहिला असेल तर उद्या सकाळीच केंद्रावर जा. अल्लाह आपल्या लेकरांना सलामत ठेवो, आमीन.