उष्णता मोजणारे जूल

मी आज जेम्स जूल या थोर शास्त्रज्ञाची माहिती सांगत आहे.

जूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमध्ये सॅलफर्ड या गावी झाला. त्यांच्या घरी बिअर नावाची दारू बनवण्याचा कारखाना होता. हे मी वर्गात सांगितले तेव्हा सारे पोट्टे हसले. पण त्या कामात पाणी किती तापले ते नीट मोजावे लागते. तब्येत नाजूक असल्यामुळे जूल घरीच शिकले. पुढे जॉन डाल्टन हे मोठे शास्त्रज्ञ त्यांचे गुरुजी झाले.

त्या काळी पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटायचे की उष्णता हा एक न दिसणारा पदार्थ आहे. जूल यांना ते पटले नाही. त्यांनी तांब्याच्या भांड्यात पाणी भरले. आत आपल्या ताकाच्या रवीसारखी पाती बसवली. दोरीला बांधलेले वजन खाली आले की पाती फिरायची. वीस वेळा वजन सोडले तेव्हा पाणी फॅरनहाइटचा जेमतेम अर्धा अंश तापले! एवढासा फरक कोण खरा मानणार? १८४३ साली त्यांनी सभेत आपले म्हणणे सांगितले, पण कोणी लक्षच दिले नाही. तरी ते मोजतच राहिले. भांडे अन् पातीसुद्धा थोडी उष्णता घेतात, म्हणून त्यांनी तीही हिशोबात धरली.

हा हिशोब आपल्यालाही जमतो. ६० अंशाचे २ तांबे गरम पाणी घ्या. त्यात ३० अंशाचा १ तांबा विसण टाका. ६० अन् ६० अन् ३० मिळून १५०, भागिले ३, म्हणजे ५० अंश. आम्ही बाईंसोबत करून पाहिले तर ४८ च आले. बाकीची उष्णता गंजाने अन् हवेने खाल्ली. (४८ अंशाच्या पाण्याने आंग पोळते, अजून एक तांबा विसण टाका.)

१८४७ साली ऑक्सफर्डच्या सभेत विल्यम थॉमसन या तरुण शास्त्रज्ञाने त्यांचे म्हणणे ध्यान देऊन ऐकले. त्याच वर्षी जूल यांचे लग्न झाले. बायकोसोबत आल्प्स पर्वतात गेले, तर तिथेही त्यांना धबधब्याचे तापमान मोजायचे होते! पाणी ४२७ मीटर खाली पडले तर १ अंश तापते. पण तिथे नुसते तुषारच उडत होते, म्हणून मोजता आले नाही. आपल्या चिखलदऱ्याला पावसाळ्यात असेच होईल, असे मला वाटते.

त्यांची बायको १८५४ साली वारली. तरी त्यांनी प्रयोग सोडले नाहीत. १८७८ साली साठीला आले असताना त्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. १ ग्रॅम पाणी १ अंश तापवायला सुमारे ४.२ जूल लागतात. जूल हे माप त्यांच्याच नावाचे आहे. आपल्या घरचा ९ वॅटचा बल्ब दर सेकंदाला ९ जूल खातो.

११ ऑक्टोबर १८८९ रोजी ते वारले. त्यांच्या समाधीच्या दगडावर ७७२.५५ हा त्यांनी मोजून काढलेला आकडा कोरला आहे. एक पौंड पाणी तेवढे फूट खाली पडले की फॅरनहाइटचा १ अंश तापते.