विश्लेषण : तुरुंगात सुचलेली यंत्रणा, आखूड नळीची रायफल आणि अचूकतेचा प्रश्न... कोण होते ‘कार्बाइन’ विल्यम्स?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 60 लाखांहून अधिक एम1 कार्बाइन तयार केल्या. वजनाला हलकी, नळीने आखूड आणि दर वेळी चाप ओढला की एक गोळी झाडून पुढची आपोआप भरणारी ही अर्धस्वयंचलित बंदूक. तिच्या आत जी यंत्रणा होती, तिची मूळ कल्पना खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या एका कैद्याची होती. त्याचे नाव डेव्हिड मार्शल विल्यम्स. हॉलीवूडने त्यांच्यावर चित्रपट काढला आणि ‘कार्बाइन’ हे टोपणनाव त्यांना कायमचे चिकटले. मात्र या कथेत दोन गोष्टी मागे पडल्या. एक म्हणजे या बंदुकीचे श्रेय नेमके कोणाचे आणि दुसरी म्हणजे आखूड नळीसाठी सैनिकांनी काय किंमत मोजली.

विल्यम्स कोण होते?

विल्यम्स यांचा जन्म 13 नोव्हेंबर 1900 रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, कंबरलँड कौंटीत झाला. घर शेतकऱ्याचे, भावंडे बरीच. आठवीनंतर त्यांनी शाळा सोडली आणि लोहारकामाच्या दुकानात काम धरले. वय लपवून ते नौदलात शिरले, पण वय कमी असल्याचे उघड होताच त्यांना घरी पाठवण्यात आले. त्यानंतर एका लष्करी शाळेत प्रवेश मिळाला, तिथूनही काढून टाकण्यात आले. 1918 मध्ये लग्न झाले. काही काळ त्यांनी रेल्वेत नोकरी केली.

अमेरिकेत तेव्हा दारूबंदी लागू झाली होती. विल्यम्स यांनी गॉडविन गावाजवळ चोरून दारूची भट्टी सुरू केली. जुलै 1921 मध्ये पोलिसांनी या भट्टीवर छापा टाकला. त्या वेळी झालेल्या गोळीबारात आल्फ्रेड पेट या डेप्युटी शेरीफचा मृत्यू झाला. विल्यम्स यांच्यावर खुनाचा खटला चालला. मानसिक संतुलन बिघडल्याचा बचाव मांडण्यात आला आणि ज्युरींचे एकमत झाले नाही. फाशीची टांगती तलवार असलेला दुसरा खटला टाळण्यासाठी त्यांनी कमी गंभीर श्रेणीतील खुनाचा गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली 20 ते 30 वर्षांची.

तुरुंगात नेमके काय घडले?

विल्यम्स यांची रवानगी कॅलेडोनिया येथील तुरुंगशेतीवर झाली. तिथले अधीक्षक एच. टी. पीपल्स यांना या तरुण कैद्याच्या हातातले कसब दिसले. आधी अवजारांची दुरुस्ती, मग पहारेकऱ्यांच्या बंदुकांची देखभाल, असे काम त्यांच्याकडे येत गेले. रिकाम्या वेळात विल्यम्स कागदाच्या कपट्यांवर बंदुकांचे आराखडे काढत. पुढे पीपल्स यांनी त्यांना तुरुंगाच्या वर्कशॉपमध्ये स्वतःचे प्रयोग करण्याची मुभा दिली. खुनाच्या गुन्ह्यातील कैद्याला बंदूक बनवू देणे ही आज कल्पनेतही न बसणारी गोष्ट आहे.

घरून आई तांत्रिक माहिती पाठवत होती, पेटंटच्या वकिलांचे पत्ते कळवत होती. भंगारातले लोखंड आणि जुने लाकूड वापरून विल्यम्स यांनी तुरुंगातच चार अर्धस्वयंचलित रायफली तयार केल्या. दरम्यान कुटुंबाने शिक्षा कमी करण्यासाठी प्रयत्न सुरू केले. विल्यम्स ज्या शेरीफला शरण गेले होते, त्याने या मागणीला पाठिंबा दिला. मृत अधिकाऱ्याच्या पत्नीनेही दिला. गव्हर्नर अँगस मॅकलीन यांनी शिक्षा कमी केली आणि 1929 मध्ये विल्यम्स बाहेर आले.

‘शॉर्ट स्ट्रोक पिस्टन’ म्हणजे काय?

गोळी झाडल्यावर नळीत प्रचंड दाबाचा वायू तयार होतो. अर्धस्वयंचलित रायफलमध्ये याच वायूचा थोडा भाग एका बारीक छिद्रातून बाहेर घेतला जातो. त्याच्या जोरावर रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि नवे आत सरकते. अनेक जुन्या रचनांमध्ये पिस्टन हा लांब दांड्याचाच भाग असे आणि तो दांड्यासोबत शेवटपर्यंत मागे जाई. त्यासाठी जागा लागे आणि वजनही वाढे.

विल्यम्स यांच्या रचनेत पिस्टन जेमतेम काही मिलिमीटर सरकतो, मागच्या सरकत्या भागाला ठोसा देतो आणि थांबतो. उरलेला प्रवास तो भाग मिळालेल्या गतीवर स्वतःच पूर्ण करतो. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीला आपटून जागीच थांबतो आणि सोंगटी पुढे जाते, तसे हे. पिस्टन लहान झाला की रायफल हलकी आणि सुटसुटीत करता येते.

त्यांची दुसरी कल्पना ‘फ्लोटिंग चेंबर’ची. यात काडतूस बसते तो कप्पाच थोडा मागे सरकतो आणि छोट्या काडतुसाचा क्षीण धक्का वाढवून देतो. त्यामुळे मोठ्या शस्त्रांवर स्वस्त .22 काडतुसांनी सराव करणे शक्य झाले. कोल्ट आणि रेमिंग्टन या कंपन्यांनी ही कल्पना वापरली.

एम1 कार्बाइन एकट्या विल्यम्स यांची होती का?

नाही. चित्रपट पाहून तसा समज होतो, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. विल्यम्स 1939 मध्ये विंचेस्टर कंपनीत रुजू झाले. कंपनीतील एका अपुऱ्या राहिलेल्या रायफलमध्ये त्यांनी आपली पिस्टन यंत्रणा बसवली. त्याच सुमारास अमेरिकी लष्कराला एक हलके शस्त्र हवे होते. ट्रकचालक, तोफखान्याचे कर्मचारी, रेडिओ ऑपरेटर यांच्याकडे पिस्तूल असे. पिस्तुलाने लांबचा नेम साधत नव्हता आणि साडेचार किलोच्या आसपासची गॅरँड रायफल सतत वागवणे त्यांना शक्य नव्हते. सुमारे 5 पौंड, म्हणजे सव्वादोन किलो वजनाचे आणि 300 यार्डांपर्यंत उपयोगी पडणारे शस्त्र, ही लष्कराची अट होती.

1941 मध्ये विंचेस्टरमधील विल्यम रोमर, फ्रेड ह्यूमस्टन आणि सहकाऱ्यांनी विल्यम्स यांच्या पिस्टनवर आधारित पहिला नमुना अवघ्या 13 दिवसांत उभा केला. विल्यम्स या धावपळीत मध्यवर्ती नव्हते. त्यांचा स्वभाव एकट्याने काम करण्याचा होता. त्यांनी स्वतःची वेगळी आवृत्ती करायला घेतली, पण ती पूर्ण होईपर्यंत सहकाऱ्यांच्या नमुन्याची निवड झाली होती. ऑक्टोबर 1941 मध्ये त्याला एम1 कार्बाइन हे नाव मिळाले. म्हणजे बंदुकीचे हृदय विल्यम्स यांचे, पण शरीर घडवले ते एका गटाने. पुढे टाइपरायटर बनवणारी अंडरवूड, ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओला आणि आयबीएम अशा कंपन्यांनीही तिचे उत्पादन केले.

नळी आखूड केल्याने काय गमावले?

एम1 कार्बाइनची नळी साधारण 18 इंचांची, तर गॅरँडची 24 इंचांची. कार्बाइनचे काडतूसही लहान. कार्बाइनची 7 ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 600 मीटर वेगाने बाहेर पडते. गॅरँडची जवळपास 10 ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 850 मीटर वेगाने जाते. ऊर्जेच्या हिशेबात कार्बाइनकडे 1,300 ज्यूल, तर गॅरँडकडे 3,500 ज्यूल. फरक अडीच पटींहून जास्त.

यातला बराच वाटा लहान काडतुसाचा आहे. पण काडतूस तेच ठेवून फक्त नळी कापली तरी वेग घटतोच. गोळी नळीत असते तोवरच वायू तिला ढकलू शकतो. नळी आखूड म्हणजे ढकलण्याचा काळ कमी. जी ऊर्जा गोळीला मिळायला हवी होती, ती नळीच्या तोंडाशी मोठा आवाज आणि भडका होऊन वाया जाते. रात्री हा भडका झाडणाऱ्याचेच डोळे दिपवतो आणि त्याची जागाही उघड करतो.

मग आखूड नळी म्हणजे कमी अचूकता?

सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. रायफल शिकंजात घट्ट बसवून चाचणी घेतली, तर नळी आखूड आहे म्हणून गोळ्या विखुरतातच असे नाही. उलट सारख्याच जाडीची आखूड नळी जास्त ताठ असते, ती कमी थरथरते. अचूकता ठरते ती नळी किती नेमकी बनवली आहे आणि काडतुसे किती एकसारखी आहेत यावर.

अडचण येते ती रायफल माणसाच्या हातात आल्यावर. पहिले कारण नेम धरण्याचे. पुढची खूण आणि मागची खाच यांतले अंतर जितके कमी, तितकी छोटी चूक मोठी होते. समजा हे अंतर अर्धा मीटर आहे आणि नेम धरताना 1 मिलिमीटरची चूक झाली, तर 100 मीटरवर गोळी 20 सेंटिमीटर बाजूला जाईल. अंतर पाऊण मीटर असेल तर हीच चूक सुमारे 13 सेंटिमीटरची होते. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ज्या 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले, त्या प्रकारातील अनेक नेमबाज नळीच्या टोकाला पोकळ नळकांडे जोडतात. त्याने गोळीचा वेग वाढत नाही, फक्त पुढची खूण आणखी पुढे जाते. दुर्बीण बसवली तर ही अडचण जवळपास संपते, पण 1941 मध्ये सामान्य सैनिकाकडे दुर्बीण नव्हती.

दुसरे कारण वेगाचे. मंद गोळी लक्ष्यापर्यंत पोहोचायला जास्त वेळ घेते. तेवढ्या वेळात ती जास्त खाली येते आणि वाऱ्याने जास्त सरकते. कार्बाइनची गोळी 300 यार्डांवर पोहोचेपर्यंत तिचा वेग ध्वनीच्या वेगाखाली घसरलेला असतो. त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम हुकतो. सुरुवातीच्या कार्बाइनवर तर मागची खाच 150 आणि 300 यार्ड अशा दोनच अंतरांसाठी होती. फिरवून जुळवता येणारी खाच नंतर आली.

कोरियात काय झाले?

महायुद्धात ही बंदूक सैनिकांची लाडकी ठरली, कारण ती बहुतेकदा पिस्तुलाच्या जागी आली होती. पिस्तुलापेक्षा ती कितीतरी सरस होती. पण हळूहळू आघाडीवरचे सैनिकही तिला मुख्य रायफल म्हणून वापरू लागले. 1950 च्या हिवाळ्यात कोरियातील चोसिन जलाशयाच्या लढाईत तापमान उणे 30 अंशांच्या आसपास गेले. वंगण घट्ट झाले, यंत्रणा अडखळू लागली. गोळी लागूनही शत्रू थांबत नाही, जाड कोटात ती अडकते, अशा तक्रारी आल्या. कोटाची गोष्ट नंतरच्या चाचण्यांत टिकली नाही. घाईत, दूरवर आणि भराभर झाडलेल्या गोळ्या लक्ष्याला लागतच नव्हत्या, हे अधिक पटणारे कारण आहे. शस्त्र ज्या कामासाठी बनले त्याहून वेगळे काम त्याच्याकडून घेतले जात होते, आणि त्याची किंमत बर्फात उभ्या असलेल्या सैनिकांनी मोजली.

आजच्या रायफलींमध्ये हा प्रश्न सुटला आहे का?

पूर्णपणे नाही. अमेरिकेच्या एम16 रायफलची नळी 20 इंचांची होती, एम4 कार्बाइनची साडेचौदा इंचांची आहे. काडतूस तेच, पण वेग सेकंदाला सुमारे 50 मीटरने घटतो. या हलक्या गोळीचा परिणाम वेगावरच अवलंबून असल्याने उपयुक्त पल्लाही कमी होतो.

शिवाय यंत्रणेवर ताण येतो. गोळी वायूच्या छिद्रापुढे गेल्यापासून नळीबाहेर पडेपर्यंतच्या अत्यल्प काळातच यंत्रणेला वायू मिळतो. नळी आखूड केली की छिद्र मागे, जास्त दाबाच्या जागी न्यावे लागते. सुटे भाग जोरात आणि वेगाने आपटतात, लवकर झिजतात आणि काडतूस अडकण्याची शक्यता वाढते. गाडी किंवा खोलीत वावरायला सोपे शस्त्र हवे असेल, तर हा तोटा पत्करावा लागतो.

कायदा काय सांगतो?

आखूड रायफल कपड्यांत लपवता येते, म्हणून अमेरिकेने 1934 च्या राष्ट्रीय बंदूक कायद्यात 18 इंचांपेक्षा लहान नळीच्या रायफलींसाठी नोंदणी आणि 200 डॉलर कर लावला. 1960 मध्ये ही मर्यादा 16 इंचांवर आणण्यात आली. म्हणजे कायद्याचा आक्षेप अचूकतेवर नव्हता, लपवण्याच्या सोयीवर होता.

विल्यम्स यांचे पुढे काय झाले?

1952 मध्ये ‘कार्बाइन विल्यम्स’ हा चित्रपट आला. जेम्स स्टुअर्ट यांनी मुख्य भूमिका केली आणि स्वतः विल्यम्स यांनी तांत्रिक सल्लागार म्हणून काम केले. 8 जानेवारी 1975 रोजी रॅली शहरातील रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे वर्कशॉप त्यांच्या हयातीतच रॅलीच्या नॉर्थ कॅरोलायना इतिहास संग्रहालयात हलवण्यात आले होते. रोमर, ह्यूमस्टन आणि 1921 च्या त्या छाप्यात कर्तव्य बजावताना मारले गेलेले आल्फ्रेड पेट यांची नावे मात्र बंदुकांच्या इतिहासाचे अभ्यासक सोडले तर फारशी कोणाला माहीत नाहीत.