बापाने मशीनगन बनवली, पोराने बंदुकीचा आवाज बंद केला आणि मग सामान्य माणसाला रेडिओवर बोलायचा हक्क मिळवून दिला

अमेरिकेत रिटायर झालेली जोडपी घर भाड्याने देतात, आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर घेतात आणि वर्षभर देश फिरत बसतात. अशा अनेक गाड्यांवर एक लांबलचक काठीसारखी अँटेना दिसते. ती टीव्हीची नसते. मोबाईलची रेंज मेलेल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात गाडी उभी करून आजोबा माईक हातात घेतात, आपला कॉल साईन सांगतात आणि जपानमधला कुणीतरी अनोळखी माणूस त्यांना उत्तर देतो. मध्ये टॉवर नाही, सॅटेलाईट नाही, रिचार्ज तर नाहीच नाही.

याला म्हणतात हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा रेडिओ. यासाठी सरकारची परीक्षा पास व्हावी लागते, मग लायसन्स मिळतं आणि अख्ख्या जगात फक्त तुमचा असा एक कॉल साईन मिळतो. २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या टीमने याच रेडिओवरून मुख्य भूमीपर्यंत खबरबात पोहोचवली होती, तेवढं तरी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल.

पण हा छंद १९१९ मध्येच कायमचा बंद पडणार होता. तो वाचला त्यात एका माणसाचा मोठा वाटा आहे. त्याचं नाव हायरम पर्सी मॅक्सिम.

मॅक्सिम नाव ऐकल्यासारखं वाटतंय ना? बरोबर, मॅक्सिम गन. जगातली पहिली खऱ्या अर्थाने ऑटोमॅटिक मशीनगन, जिच्या जोरावर ब्रिटिशांनी आफ्रिकेत साम्राज्य उभं केलं. ती बनवणारा हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम म्हणजे आपल्या पर्सीचा बाप.

पर्सीचा जन्म २ सप्टेंबर १८६९ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलीनमधला. बाप हुशार होता, विक्षिप्त होता आणि पोरांच्या खोड्या काढण्यात पोरांपेक्षा पुढे होता. १८८१ मध्ये विजेच्या प्रदर्शनासाठी तो पॅरिसला गेला. पुढे लंडनमध्ये स्थायिक झाला, तिथे मशीनगन बनवली, आपल्या सेक्रेटरीशी लग्न केलं आणि ‘सर’ झाला. ब्रुकलीनमधली बायको आणि तीन पोरं मागे राहिली ती राहिलीच. तेव्हा पर्सी होता १२ वर्षांचा.

या माणसावर मुलाने आयुष्यभर डूख धरला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण पर्सीने पुढे वडिलांवर एक पुस्तक लिहिलं, आणि ते चक्क गमतीदार आहे. त्यात राग शोधूनही फारसा सापडत नाही. या पुस्तकावर १९४६ मध्ये हॉलिवूडने पिक्चरही काढला. त्याने पुस्तकात फक्त १२ वर्षांपर्यंतचाच बाप रंगवला, यातच काय ते समजून घ्यावं.

असो. पोरगं बापासारखंच डोकेबाज निघालं. १८८६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, एमआयटीमधून शिकून बाहेर पडलं. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावात तोफगोळे बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली. १८९२ मध्ये एका रात्री तो सेलमहून लिनला सायकलवरून परत येत होता. सेलमला एक मुलगी राहायची, तिला भेटून येत होता. पायडल मारता मारता डोक्यात आलं की हे काम पायांऐवजी एखाद्या इंजिनाने केलं तर?

तोवर युरोपात मोटारी धावायला लागल्या होत्या, पण पर्सीला त्याचा पत्ताच नव्हता. इंजिनासाठी पेट्रोल किती ताकदीचं असतं हे बघायला त्याने काय केलं, तर तोफगोळ्याच्या रिकाम्या पितळी केसात पेट्रोलचा थेंब टाकला, केस गोल फिरवलं आणि वरून काडी दाखवली. जो भडका उडाला त्यानंतर त्याला पुराव्याची गरज उरली नाही. घरी करून बघू नका.

१८९५ मध्ये तो कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफोर्डला पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत गेला. ही कोलंबिया सायकल बनवणारी कंपनी आता मोटारीत उतरत होती. तिथे त्याने इलेक्ट्रिक गाड्या बनवल्या. हो, १८९७ च्या आसपास इलेक्ट्रिक गाड्या.

मग आला सायलेन्सर. अंघोळीच्या टबमधून पाणी गोल भोवरा करत शांतपणे जाताना बघून बंदुकीतला गॅसही असाच फिरवत सोडावा, ही आयडिया त्याला सुचली असं सांगतात. १९०९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. ज्या बापाला आपल्याच तोफा-बंदुकांच्या धडधडाटाने बहिरेपण आलं, त्याच्या पोराने बंदुकीचा आवाज गिळणारी नळी काढली. कुठल्या लेखकाने हे कथेत लिहिलं असतं तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं. पुढे हेच तत्त्व वापरून त्याची कंपनी इंजिनांचे आणि कारखान्यांचे आवाज कमी करणारी यंत्रं बनवू लागली.

थोडक्यात, चाळिशी ओलांडेपर्यंत पर्सीकडे पैसा होता, नाव होतं, माजी गव्हर्नरची मुलगी बायको होती, दोन मुलं होती. रेडिओचं खूळ मुलाबरोबर घरात आलं आणि बापालाच जास्त लागलं.

आता त्या काळचा रेडिओ म्हणजे गाणी नव्हेत. ठिणग्या पाडणारं यंत्र, कानाला हेडफोन आणि मोर्स कोडची कटकट. पोरं घरच्या घरी सेट बनवायची, कुणीही कुठल्याही लहरीवर बोलायचं, नेव्हीच्या संदेशात घुसायचं. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, तेव्हा रेडिओवर झालेल्या गोंधळाची बरीच चर्चा झाली. ऑगस्टमध्ये कायदा आला. आता प्रत्येकाला लायसन्स हवं, परीक्षा हवी, कॉल साईन हवा. ताकद जास्तीत जास्त एक किलोवॅट. आणि हौशी लोकांनी २०० मीटर किंवा त्याहून लहान लहरींवरच बोलायचं.

हा शेवटचा नियम नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गंमत यातच आहे. तेव्हा तज्ज्ञांची खात्री होती की लहर जितकी लांब तितका संदेश दूर जातो. मोठ्या कंपन्या हजारो मीटरच्या लहरी वापरायच्या. २०० मीटरखालच्या लहरी म्हणजे पडीक जमीन. तिथे या पोरांना टाकलं की ती आपोआप कंटाळून जातील, असा हिशोब होता.

एप्रिल १९१४. पर्सीला हार्टफोर्डहून स्प्रिंगफील्डच्या एका हौशी रेडिओवाल्याला संदेश द्यायचा होता. अंतर जेमतेम ४० किलोमीटर, पण त्या रात्री काही केल्या संपर्क होईना. वाटेत विंडसर लॉक्स नावाचं गाव होतं, तिथे ओळखीचा एक रेडिओवाला होता. पर्सीने संदेश त्याला दिला, त्याने पुढे स्प्रिंगफील्डला दिला. काम झालं.

आपल्याकडे गावाकडे जाणाऱ्या माणसाच्या हाती निरोप द्यायची पद्धत होती, अगदी तसंच. पण पर्सीने यातून पुढचं बघितलं. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असं करत गेलं तर एक पैसा न देता निरोप अख्खी अमेरिका ओलांडेल. क्लॅरेन्स टस्का नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाला सोबत घेऊन त्याने मे १९१४ मध्ये अमेरिकन रेडिओ रिले लीग सुरू केली. एक पंचेचाळिशीकडे झुकलेला कारखानदार आणि एक मिसरूड फुटलेला पोरगा, अशी ही संघटना. त्या वर्षाअखेर दोनशेहून जास्त स्टेशनं जोडली गेली होती. डिसेंबर १९१५ मध्ये मासिक निघालं, क्यूएसटी. ते आजही निघतं. फेब्रुवारी १९१७ मध्ये एक संदेश पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्याला गेला आणि उत्तर घेऊन दीड तासाच्या आत परत आला. सगळं हौशी पोरांच्या माडीवरून.

आणि दोनच महिन्यांत अमेरिका महायुद्धात उतरली. एप्रिल १९१७ मध्ये आदेश आला की सगळी हौशी स्टेशनं बंद, अँटेना खाली. हजारो हॅम फौजेत आणि नेव्हीत रेडिओ ऑपरेटर म्हणून भरती झाले. सरकारला तयार माणसं आयती मिळाली.

युद्ध संपलं, पण बंदी उठेना. उलट १९१८ च्या अखेरीस संसदेत विधेयक आलं की देशातला सगळा रेडिओ नेव्हीच्या ताब्यात द्यायचा. ते पास झालं असतं तर घरात बसून हवेत बोलणारा सामान्य माणूस हा प्रकारच संपला असता. जी पोरं खंदकात आणि जहाजांवर बसून सरकारसाठी संदेश पाठवत होती, त्यांना घरी आल्यावर स्वतःचा सेट लावायला बंदी. यापेक्षा कृतघ्नपणा कुठला?

पर्सी वॉशिंग्टनला जाऊन संसदेच्या समितीपुढे उभा राहिला. दुसरीकडे लीगने जुन्या सदस्यांच्या घरच्यांना पत्रं पाठवली. मुलं अजून परदेशात होती, म्हणून आई-बापांनी आपापल्या खासदारांना लिहिलं. टपालाचा पाऊस पडला. विधेयक बारगळलं.

लीगची अवस्था तेव्हा अशी होती की १९१९ च्या सुरुवातीला तिजोरीत ३३ डॉलर होते. मासिक बंद, सदस्य पांगलेले. शेवटी जुन्या सदस्यांनाच रोखे विकून पैसा उभा केला आणि गाडी परत रुळावर आणली. हौशींना पुन्हा संदेश पाठवायची परवानगी मिळेपर्यंत १९१९ संपत आलं होतं.

आता त्या पडीक जमिनीची गोष्ट. जायला दुसरी जागाच नसल्याने हॅम लोकांनी २०० मीटरच्या खाली खाली जाऊन बघायला सुरुवात केली. नोव्हेंबर १९२३ मध्ये सुमारे ११० मीटरवर कनेक्टिकटमधले दोन हॅम आणि फ्रान्समधल्या नीसचा लेओन दलोय यांचं अटलांटिकपलीकडे थेट बोलणं झालं. छोट्या लहरी आकाशातल्या आयनोस्फिअर या थरावर आपटून परत खाली येतात आणि त्यामुळे थोड्या ताकदीत समुद्र ओलांडतात. तज्ज्ञांनी भंगार म्हणून फेकलेली जागा सोन्याची खाण निघाली.

प्रवासात हॅम रेडिओ वापरण्याचा त्या काळातला सगळ्यात भन्नाट प्रयोगही १९२३ चाच. आर्क्टिकचा संशोधक डोनाल्ड मॅकमिलन पुन्हा उत्तरेला निघाला होता. आधीच्या मोहिमेत महिनोन्महिने बाहेरच्या जगाची काहीच खबर नसल्याने माणसं खचून जातात हे त्याने पाहिलं होतं. यावेळी लीगने त्याला डॉन मिक्स नावाचा एक हॅम दिला. बोडन नावाचं छोटं जहाज, सात माणसं, आणि कॉल साईन डब्ल्यूएनपी, म्हणजे वायरलेस नॉर्थ पोल. ग्रीनलंडच्या वायव्य टोकाला जहाज बर्फात गोठून बसलं. बाहेर ध्रुवावरची न संपणारी रात्र, आणि आत मिक्स बटण दाबत बसलेला. कॅनडाच्या प्रिन्स रुपर्ट बंदरातल्या जॅक बार्न्सली या हॅमने त्याला ऐकलं आणि घरच्यांचे निरोप बर्फात पोहोचू लागले. आज आरव्हीच्या खिडकीत बसून बोलणारे आजोबा करतात ते हेच, फक्त त्यांच्याकडे हीटर असतो.

सोनं दिसल्यावर सरकारं आणि कंपन्याही त्या जागेवर हक्क सांगायला आल्या. पर्सीला हे आधीच दिसलं होतं. १९२५ मध्ये पॅरिसमध्ये जगभरच्या हौशींची संघटना उभी राहिली आणि तो तिचा पहिला अध्यक्ष झाला. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत अनेक देशांना हौशींना काहीच द्यायचं नव्हतं. भांडून १६०, ८०, ४०, २०, १० मीटरचे पट्टे मिळवले. मनासारखं सगळं मिळालं नाही, अनेक हॅम नाराजही झाले. पण हे पट्टे आजही त्यांचेच आहेत, आणि भारतातला हॅम व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ने सुरू होणारा कॉल साईन घेऊन यातल्याच पट्ट्यांवर बोलतो.

याच काळात क्यूएसटी मासिकात ‘द ओल्ड मॅन’ या टोपणनावाने एक खडूस म्हातारा लिहायचा. रेडिओवर शिस्त नसणाऱ्यांना, दुसऱ्याच्या बोलण्यात घुसणाऱ्यांना तो धू धू धुवायचा. शिक्षेसाठी त्याने ‘वूफ हाँग’ नावाचं एक काल्पनिक हत्यार काढलं होतं, पुढे ते लाकडाचं बनवून खरंच लीगच्या ऑफिसात आलं. हा म्हातारा कोण, यावर वर्षानुवर्षं वाचक डोकं खाजवत होते.

फेब्रुवारी १९३६ मध्ये पर्सी बायकोबरोबर ट्रेनने कॅलिफोर्नियाला निघाला. लिक वेधशाळा बघायची होती, उतारवयात आकाशाचं वेड लागलं होतं. वाटेत घशाचा संसर्ग बळावला. कोलोरॅडोतल्या ला हंटा या गावी त्याला गाडीतून उतरवून दवाखान्यात नेलं. अँटिबायोटिक्सचा जमाना अजून यायचा होता. १७ फेब्रुवारीला तो गेला. वय ६६. त्यानंतर वाचकांना कळलं की तो खडूस म्हातारा म्हणजे आपले अध्यक्षच होते.

त्याचा कॉल साईन होता १एडब्ल्यू, पुढे नियम बदलल्यावर डब्ल्यू१एडब्ल्यू. माणूस गेला की कॉल साईन शांत होतो. इथे तसं झालं नाही. १९३८ मध्ये हार्टफोर्डजवळच्या न्यूइंग्टनमध्ये त्याच्या स्मरणार्थ स्टेशन उभं राहिलं आणि तो कॉल साईन त्या स्टेशनला मिळाला. तिथून आजही मोर्सचा सराव आणि बातम्या हवेत सोडल्या जातात. अमेरिका फिरणारे हॅम वाट वाकडी करून तिथे गाडी थांबवतात. लायसन्सची प्रत दाखवली की पाहुण्यालाही खुर्चीवर बसून डब्ल्यू१एडब्ल्यू या नावाने जगाला हाक मारता येते.