गुर्लहोसूरचे अण्णासाहेब

मराठी संगीत नाटकाचे जनक बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे आपल्या बेळगाव जिल्ह्यातले, याचा आम्हां सर्वांना अभिमान आहे. ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले होते. त्या काळच्या नाटकांत पदे सूत्रधारच म्हणे.

काही काळ बेळगावात शिक्षकी करून अण्णासाहेब पुढे पुण्यात सरकारी कचेरीत लागले. तेथे १८८० साली त्यांनी पारशी मंडळींचे उर्दू 'इंद्रसभा' पाहिले. इतरांची करमणूक झाली असेल. यांना मात्र वाट सापडली! पात्रांनी आपली पदे स्वतःच गावीत, असे ठरवून त्यांनी थेट कालिदासाचे 'शाकुंतल' मराठीत घेतले. नोकरी सांभाळून एवढे धाडस करायचे! ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात पहिले चारच अंक झाले, पण रसिकांनी ते डोक्यावर घेतले.

१८८२ च्या 'सौभद्रा'त त्यांनी कानडी पदांच्या चालीही घेतल्या. रोज दोन्ही भाषा कानावर पडणाऱ्या आम्हां सीमाभागवासीयांना याचे विशेष कौतुक वाटते. 'रामराज्यवियोग' अपुरे ठेवून २ नोव्हेंबर १८८५ रोजी ते गेले. वय अवघे ४२.